झाड क्रमांक एकेचाळीस

रविवारी सातला आम्ही खुलदाबादच्या त्या बागेत जमतो,
पाच जण. बहुधा चारच.
सुरडकर भूमी अभिलेखातून निवृत्त झालेत,
चालताना अजून पावलं मोजतात.
प्रेरणा मगरे शाळेत जीवशास्त्र शिकवते,
पान चुरगाळून हुंगते, मग एक लॅटिन नाव सांगते
जे मला धड लिहिता येत नाही.
अश्पाक दुकान उघडण्याआधी येतो,
गळ्यात शिवणकामाची टेप तशीच.
मी वही धरतो.
अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता.

रकाने: क्रमांक, नाव, घेर, स्थिती, शेरा.
चिंच. चौदा फूट. बरी. ढोलीत पिंगळा.
चिंच. नऊ फूट. खोडात खिळे,
कुठल्याशा निवडणुकीची तार अजून सालीत रुतलेली.
कडुलिंब. कडुलिंब. कडुलिंब, अर्धा जळका.
कोरडं कारंजंही लिही, प्रेरणा म्हणाली.
ते झाड नाही, सुरडकर म्हणाले, वेगळी वही करा.
केली.
तिच्यात आता दोन पाट आहेत,
खापराच्या नळाचे सात तुकडे,
आणि खाचाखाचांची एक तिरपी शिळा.
तिच्यावरून उतरताना पाण्याला
खवले फुटत असणार.
आम्ही बाटलीभर ओतून पाहिलं.
शिळेनं ते मधेच पिऊन टाकलं.

सुरडकरांचा नकाशा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.
त्यावर एक गोल, आत एक्केचाळीस.
जागेवर कमरेइतकं गाजरगवत.
झाड नाही, बुंधा नाही, खड्डासुद्धा नाही.
खोडून टाका, ते म्हणाले.
मी पेन टेकवलं, तेवढ्यात
दस्तगीर चाचा काठी टेकत आले.
त्यांचे वडील इथले माळी.
त्यांनी गवताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.
"खिरणी व्हती इथं. कामून खोडता?"

किती मोठी?
फूट-इंच त्यांना सांगता येईना.
"मी, माझा भाऊ, अन् वाण्याचा मुकुंदा.
तिघांनी हात धरले की पुरायची.
बोटांची टोकं लागायची, बस्स.
नऊ-दहा वर्षांचे असू."

पलीकडे पोरं क्रिकेट खेळत होती.
अश्पाकनं तीन उचलली, त्याच वयाची.
एक बाद झालेला, तो खुशीनं आला.
दुसऱ्याची बॅटिंग होती, तो शिव्या देत.
आम्ही गाजरगवत तुडवून जागा केली.
तिघं गोलात उभे राहिले, हात पसरून,
गाल वळवलेले, जसं खोडाला लावावेत.
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
मधे काहीच नव्हतं, थोडं ऊन, दोन चिलटं.
अश्पाकची टेप साठ इंचांची.
हातांच्या कडेकडेनं ती दोनदा लागली,
वर पंचवीस.

बारा फूट एक इंच, त्यानं दातांत खडू धरून सांगितलं.

नसलेल्या झाडाचा घेर
सरकारी कागदात बसत नाही,
सुरडकरांनी हे दोनदा सांगितलं.
मग चष्मा पुसला.
मग म्हणाले, पेन्सिलीनं लिहा.

"खिरणी म्हणजे काय?" बॅटिंगवाल्यानं विचारलं.
चाचा म्हणाले, पिवळी, बोराहून बारीक, लई गोड,
पण चीक असा की खाल्ल्यावर
ओठाला ओठ चिकटून बसतो.
एवढं बोलून ते गप्प झाले,
आणि बराच वेळ गप्पच राहिले.

नाव: खिरणी. घेर: बारा फूट एक.
स्थितीच्या रकान्यात मी अडकलो.
शेरा कोराच ठेवला.
पोरं खेळायला पळाली. दोनच पळाली.
तिसरा अजून हात पसरून उभा होता,
डोळे मिटून,
त्याला कुणी सोड म्हणालं नव्हतं.

बेचाळीस. कडुलिंब.